मुंबई ते कराची : अंतर किती आणि वेळ किती?



मागच्या दोन व्याख्यानांत आपण वैशेषिकांच्या 'दिक्' आणि 'काल' या दोन द्रव्यांविषयी बोललो. त्यानंतर एका श्रोत्यांनी मला कळवलं, "सर, ऐकताना सगळं पटत होतं, पण संपल्यावर हातात काही उरलं नाही. रोजच्या व्यवहारातलं एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?" तक्रार रास्त आहे. चाळीस वर्षं वर्गात शिकवलं, तेव्हाही ती ऐकलेली आहे. म्हणून आज एकच साधा प्रश्न घेऊ. मुंबई ते कराची हे विमानाचं अंतर किती आणि त्याला वेळ किती लागतो?

तुम्ही म्हणाल, यात व्याख्यान कसलं द्यायचं? फोनवर विचारलं की उत्तर येतं. जरूर विचारा. पण येतं ते उत्तर नीट बघा. अंतर विचारलंत तर ८७५ किलोमीटरच्या आसपास आकडा येतो. वेळ विचारलीत, म्हणजे तिकीट शोधायला गेलात, तर सात तास, दहा तास, चौदा तास असे आकडे येतात. ताशी आठशे किलोमीटर वेगानं जाणाऱ्या विमानाला ८७५ किलोमीटर कापायला दहा तास? कुठंतरी काहीतरी मोजायचं राहिलंय. ते काय, एवढंच आज शोधायचं आहे.

पहिलं अंतर : पृथ्वीवरचं

आधी तो ८७५ चा आकडा येतो कुठून ते बघू. कागद-पेन्सिल घ्या, आपणच काढू या. मुंबईचा विमानतळ साधारण १९.१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. कराचीचा २४.९ उत्तर आणि ६७.२ पूर्व. म्हणजे कराची आपल्यापेक्षा ५.८ अंश उत्तरेला आणि ५.७ अंश पश्चिमेला आहे.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा उत्तरेकडचं अंतर झालं ५.८ गुणिले १११, म्हणजे अंदाजे ६४५. रेखांशाचा अंश मात्र सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटर असतो आणि ध्रुवाकडे जाता जाता आकसत शून्य होतो. मुंबई आणि कराची यांच्या मधोमध, २२ अंशांवर, तो साधारण १०३ किलोमीटर भरतो. ५.७ गुणिले १०३, म्हणजे अंदाजे ५८७. आता शाळेतला पायथागोरस आठवा. ६४५ चा वर्ग अधिक ५८७ चा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ. येतं ८७२. आपण अंश थोडे तोडून घेतले, म्हणून दोन-तीन किलोमीटरचा फरक पडला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे तिच्यावरचा सर्वांत जवळचा मार्ग भिंतीवरच्या नकाशात सरळ दिसत नाही. तो एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. दिल्लीहून न्यूयॉर्कला जाणारी वाट नकाशात उगीचच उत्तरेकडे वाकल्यासारखी दिसते, ती याच कारणानं. आठ-नऊशे किलोमीटरच्या पल्ल्यात मात्र ही वक्रता जवळजवळ जाणवत नाही, म्हणून पायथागोरसनं आपलं काम भागलं.

ही ८७५ किलोमीटरची रेषा जाते कुठून? मुंबईहून निघते, समुद्र ओलांडते, दीवच्या पूर्वेला सौराष्ट्राच्या जमिनीवर येते, जामनगरच्या बाजूनं कच्छच्या आखातावर जाते, मांडवीच्या जवळून कच्छ ओलांडते आणि सिंधू नदीच्या मुखाकडच्या खाजणावरून कराचीला पोचते. वाटेतला बराचसा भाग आपल्या ओळखीचा आहे.

आता हा आकडा इतर आकड्यांच्या शेजारी ठेवून बघा. मुंबई ते बेंगळुरू ८३५ च्या आसपास. मुंबई ते चेन्नई एक हजाराच्या वर. मुंबई ते दिल्ली ११४० च्या जवळपास. म्हणजे आपल्याला कराची चेन्नईपेक्षा जवळ, दिल्लीपेक्षा तर कितीतरी जवळ. आणि तिकडून बघा. कराची ते लाहोर सुमारे १०२० किलोमीटर. कराचीकराला लाहोरपेक्षा मुंबई जवळ! मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासून घेतलं होतं. माझ्या मनातल्या नकाशात कराची खूप दूर होती. तुमच्याही असेल.

दुसरं अंतर : विमानाचं

पण विमान काही पृथ्वीवर आखलेल्या रेषेवरून जात नाही. ते ठरवून दिलेल्या हवाई मार्गानं जातं, उड्डाणानंतर धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळतं, उतरण्याआधी रांगेत थांबवलं तर घिरट्या घालतं. म्हणून प्रत्यक्ष उडालेलं अंतर रेषेपेक्षा नेहमी काहीसं जास्तच असतं.

आणि वेळ? ८७५ ला ८३० नं भागलं तर तास-सव्वा तास येतो. पण विमान पूर्ण वेगानं जातं ते फक्त मधल्या टप्प्यात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. शिवाय जागेवरून हलून धावपट्टीपर्यंत जायला दहा-वीस मिनिटं, तिकडे उतरल्यावर पुन्हा तेवढीच. वेळापत्रकात छापतात ती वेळ चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंतची असते. म्हणूनच तिला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. या हिशेबानं मुंबई-कराची थेट उड्डाण दीड-पावणेदोन तासांचं होतं. बेंगळुरूला जायला लागतो तेवढाच.

त्यात घड्याळाची गंमत आहे. भारताचं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, पाकिस्तानचं पाच तास पुढे. सकाळी दहाला मुंबईहून निघालात आणि पावणेदोन तास उडालात, तर कराचीच्या घड्याळात सव्वाअकरा वाजलेले असतील. परत येताना तोच प्रवास सव्वादोन तासांचा वाटेल. कुणी नुसती निघायची आणि पोचायची वेळ वाचून सांगितलं की जाणं जवळ आणि येणं लांब, तर आपण हसू. पण वाऱ्यामुळे असं खरोखरही घडतं. दिल्लीहून टोकियोला जाताना साडेसात तासांच्या आसपास लागतात, परतीला नऊच्या पुढे; कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. अंतर तेच, विमान तेच, वेळ वेगळी.

इथपर्यंत सगळं निसर्गाचं आणि यंत्राचं. पण यातून दहा तास काही आले नाहीत.

सव्वासात तास आणि दहा तास

आता थोडं मागं जाऊ. १९२९ मध्ये लंडनहून कराचीपर्यंत टपालाचं विमान येऊ लागलं. विमान कराचीला थांबे, आणि पुढचं टपाल जमिनीवरून मुंबईकडे येई. हा तुटलेला दुवा जोडण्यासाठी टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा स्वतः पस मॉथ नावाचं एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून निघाले. बरोबर पंचवीसेक किलो टपाल. वाटेत अहमदाबादला उतरून इंधन भरायचं. इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते असं सांगतात. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघालेले जे. आर. डी. दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतीय हवाई वाहतुकीचा इतिहास जिथून सुरू होतो, तो मार्ग कराची-मुंबई हा आहे. पुढे यातूनच एअर इंडिया झाली.

म्हणजे १९३२ मध्ये, ताशी पावणेदोनशे किलोमीटरही वेग नसलेल्या विमानातून, अहमदाबादचा वळसा आणि थांबा धरून, कराची ते मुंबई लागले सव्वासात तास.

आज काय करावं लागतं? थेट विमान नाही. दुबईमार्गे जायचं म्हटलं तर मुंबई ते दुबई सुमारे १९३० किलोमीटर, दुबई ते कराची सुमारे ११९०. एकूण ३१२०. मूळ अंतराच्या साडेतीन पट. सगळं जुळून आलं आणि दुबईत लगेच दुसरं विमान मिळालं, तर सात तासांच्या आसपास पोचाल. एरवी दहा-बारा. जेट इंजिन आलं, उपग्रह आले, आणि आपण पस मॉथच्या वेळेवर येऊन थांबलो. कित्येकदा तिच्याही मागं पडलो.

हे जे तिसरं अंतर आहे, त्याला मी 'परवानगीचं अंतर' म्हणतो.

तिसरं अंतर : परवानगीचं

आकाश कुणाचं? १९४४ च्या डिसेंबरात शिकागोला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाचं आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याचं स्वामित्व आहे. भूमी म्हणताना किनाऱ्यालगतचा समुद्रही त्यात आला. त्यामुळे एका देशाच्या विमानाला दुसऱ्याच्या डोक्यावरून जायचं असेल तर परवानगी लागते, आणि तिथं उतरून उतारू घ्यायचे असतील तर वेगळी परवानगी लागते. एरवी ही परवानगी करारांनी मिळालेली असते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. दिसते ती काढून घेतली की.

याचं सर्वांत ठळक उदाहरण १९७१ चं. जानेवारीच्या अखेरीस 'गंगा' नावाचं भारतीय प्रवासी विमान पळवून लाहोरला नेलं आणि तिथं जाळलं. त्यानंतर ४ फेब्रुवारीला भारतानं पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. तेव्हा पाकिस्तानचे दोन भाग होते आणि मधे भारत. कराची ते ढाका सरळ अंतर साधारण २३५० किलोमीटर. बंदीनंतर विमानांना दक्षिणेला श्रीलंकेपर्यंत जाऊन वर यावं लागे. कोलंबोमार्गे तेच अंतर ४५०० किलोमीटरच्या वर गेलं. एका आदेशानं एकाच देशाची दोन शहरं एकमेकांपासून जवळजवळ दुप्पट लांब झाली. जमीन एक इंचही हलली नव्हती.

१९७६ मध्ये दोन्ही देशांत विमानं पुन्हा सुरू झाली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून बंद झाली, १ जानेवारी २००४ पासून पुन्हा सुरू. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्ताननं आकाश बंद केलं, ते जुलैच्या मध्यापर्यंत. त्या काळात दिल्लीहून इस्तंबूलला थेट जाण्यासाठी आखलेल्या एका भारतीय विमानसेवेला इंधनासाठी दोह्याला उतरावं लागत होतं. एअर इंडियाचं जुलैच्या सुरुवातीपर्यंत ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झालं, असं सरकारनं संसदेत सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापलं आकाश बंद केलं आणि ती बंदी महिन्या-महिन्यानं वाढवत नेली. पाकिस्तानी विमानाला क्वालालंपूरला जायचं तर चीनवरून, आणि भारतीय विमानाला दिल्लीहून युरोपला जायचं तर अरबी समुद्रावरून. दोघांनाही जास्तीचे तास आणि जास्तीचं इंधन.

वैशेषिक काय म्हणतात

आता त्या श्रोत्यांच्या तक्रारीकडे येतो. वैशेषिकांनी गुणांची जी यादी केली, तिच्यात 'परत्व' आणि 'अपरत्व' अशी एक जोडी आहे. परत्व म्हणजे लांबपण, अपरत्व म्हणजे जवळपण. हे दोन प्रकारचं असतं. एक दैशिक, म्हणजे जागेचं; दुसरं कालिक, म्हणजे काळाचं. थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ हे कालिक परत्व-अपरत्व.

दैशिक परत्व कसं कळतं? न्याय-वैशेषिक ग्रंथांत एक उदाहरण देतात. पाटलीपुत्राहून बघितलं तर काशीपेक्षा प्रयाग लांब आहे. यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली अशी, की वाक्यात तीन शहरं आहेत, दोन नव्हेत. कुठून आणि कशाच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय 'लांब' या शब्दाला अर्थ येत नाही. मघाशी आपण लाहोर आणि दिल्ली शेजारी ठेवली तेव्हा कराची अचानक जवळ आली, ती यामुळे. दुसरी गोष्ट, प्रयाग लांब का? तर पाटलीपुत्र आणि प्रयाग यांच्या मधे येणारे मूर्त वस्तूंचे संयोग जास्त आहेत. सोप्या भाषेत, मधे जास्त काही आहे. लांबपण म्हणजे मधे काय आणि किती आहे याचा हिशेब.

आणि ते आणखी एक म्हणतात, जे मला आजच्या विषयाला फार लागू वाटतं. परत्व निर्माण व्हायला 'अपेक्षाबुद्धी' लागते. म्हणजे 'हे याच्यापेक्षा लांब' असं जोखणारी बुद्धी. ती बुद्धी नाहीशी झाली की तिच्यावर उभं राहिलेलं परत्वही नाहीसं होऊ शकतं. म्हणून हा गुण नित्य नाही. तो उत्पन्न होतो आणि नष्ट होतो.

वैशेषिकांना विमानतळ माहीत नव्हते, आणि त्यांच्या तोंडी आजचं राजकारण घालायचं नाही. पण त्यांचा हिशेब आपल्या उदाहरणाला लावून बघा. मुंबई आणि कराची यांच्या मधे आज काय काय आहे? समुद्र आहे, सौराष्ट्र आहे, कच्छ आहे. हे १९३२ मध्येही होतं. त्यात भर पडली ती एका सीमेची, व्हिशाची, बंद आकाशाची, दुबईतल्या थांब्याची. मधले संयोग वाढले आणि शहर लांब गेलं.

आपल्या मराठीला हे शब्दातच ठाऊक आहे. 'अंतर' म्हणजे दोन गावांमधलं अंतर, आणि 'आमच्यात अंतर पडलं' म्हणतो तेही अंतरच. पहिलं मोजपट्टीनं मोजता येतं. दुसरं कुणीतरी पाडलेलं असतं.

जवळ असल्याच्या खुणा

कुणी म्हणेल, कराचीशी आपला संबंध काय? सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. कराचीतली एक फार जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं ओळखली जाते. एन. जे. व्ही. म्हणतात तिला. त्या शाळेच्या इमारतीत काही वर्षं सिंधची विधानसभा भरत असे. कराचीचा मुलगा परीक्षा द्यायचा ती मुंबईची आणि वकिली शिकायला यायचा तोही बहुधा मुंबईला. फाळणीनंतर कराचीहून आगबोटींनी हजारो सिंधी कुटुंबं मुंबईच्या बंदरात उतरली, आणि कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिली. त्याचं पुढे उल्हासनगर झालं.

माझ्या एका सहकाऱ्यांची आई त्यातलीच. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणत असू. त्यांचा धाकटा भाऊ कराचीतच राहिला होता. २००३ मध्ये तो गेल्याचं फोनवर कळलं. मी भेटायला गेलो. अम्मा शांत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "प्रोफेसर, इथून कराची किती लांब आहे?" मला वाटलं, दुःखात माणूस काहीतरी विचारतो. मी म्हणालो, "अम्मा, फार नाही. दिल्लीपेक्षा जवळ." आणि मला वाटलं, मी त्यांना धीर दिला.

त्या म्हणाल्या, "मग मला सांग ना, जवळ आहे तर मी जाऊ का शकत नाही? लांब आहे म्हणाला असतास तर बरं झालं असतं."

तेव्हा विमानं बंद होती. ती सुरू झाली जानेवारी २००४ मध्ये, तीन-चार महिन्यांनी. अम्मांना तोवर जायचं कारण उरलं नव्हतं.

मी तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस. पण त्या दिवशी मी त्यांच्या प्रश्नाला चुकीच्या अंतरानं उत्तर दिलं. त्यांनी विचारलं होतं तिसरं अंतर आणि मी सांगितलं पहिलं. हे व्याख्यान एका अर्थानं ती चूक दुरुस्त करण्यासाठी आहे.

बंद वाट उघडते तेव्हा

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर चित्र अर्धवट राहील. आशियातलीच दोन शहरं घ्या. तैवानमधलं तैपेई आणि चीनमधलं शांघाय. सरळ अंतर ७०० किलोमीटरच्या आत. १९४९ नंतर जवळजवळ सहा दशकं नियमित थेट वाट नव्हती. लोक हाँगकाँगला उतरून, विमान बदलून जात. ते अंतर २००० किलोमीटरच्या वर भरतं. सबंध दिवस मोडे.

मग २००३ आणि २००५ मध्ये नववर्षाच्या सणापुरती काही विमानं सोडली गेली. जुलै २००८ मध्ये शनिवार-रविवारची विमानं सुरू झाली. तीही गमतीची, हाँगकाँगला उतरायचं नाही, पण हाँगकाँगच्या हवाई हद्दीला शिवून मग वर वळायचं. केवळ परवानगीसाठी मारलेला वळसा! डिसेंबर २००८ मध्ये सरळ मार्ग खुला झाला आणि प्रवास दीड तासाच्या आसपास आला. पुढच्या वर्षी रोजच्या नियमित सेवा सुरू झाल्या. दोन्ही बाजूंचे वाद मिटले होते का? नाही, आजही मिटलेले नाहीत. तरी अंतर कमी झालं.

जे. आर. डीं.नीही १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून कराची ते मुंबई हे उड्डाण एका जुन्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा केलं. त्या वर्षी ते शक्य होतं, हे लक्षात घ्या. १९७२ मध्ये चाळीस वर्षं झाली होती. तेव्हा हे आकाश बंद होतं.

तेव्हा यापुढे कुणी 'किती लांब आहे?' असं विचारलं तर एक क्षण थांबा. तो माणूस कुठलं अंतर विचारतोय ते बघा. पृथ्वीचं अंतर बदलत नाही, ते स्वीकारायचं. विमानाचं अंतर इंजिनानं आणि वाऱ्यानं बदलतं, ते सुधारायचं. परवानगीचं अंतर माणसांनी ठरवलेलं असतं. ते ठरवण्यामागं कारणं असतील, चांगलीही असतील. पण त्याला भूगोल समजायची चूक करू नये. भूगोल म्हटलं की आपण विचारायचं सोडून देतो.

आता दोन प्रश्न घेतो.

*प्रश्न : सर, आकाश बंद करण्यामागं दहशतवादी हल्ले होते. तुमच्या बोलण्यातून ते निर्णय चुकीचे होते असा अर्थ निघत नाही का?*

तसा अर्थ निघू नये. विमान पळवलं, जाळलं, संसदेवर हल्ला झाला, पहलगामला माणसं मारली. या गोष्टी घडल्या आहेत आणि कुठल्याही सरकारला त्यावर काही करावंच लागतं. ते योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर तुमचं माझं मत वेगळं असू शकतं. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. निर्णय हा निर्णय म्हणून ओळखता आला पाहिजे. निर्णयाची किंमत असते, ती कुणीतरी भरतं, आणि तो पुन्हा तपासता येतो. डोंगर तपासता येत नाही.

*प्रश्न : विमान नाही तर जमिनीवरून जाता येतं का?*

राजस्थानात मुनाबाव आणि पलीकडे खोखरापार अशी रेल्वेची जुनी वाट आहे. १९६५ च्या युद्धात ती बंद झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये थार एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हा एक्केचाळीस वर्षांनी त्या रुळांवरून प्रवासी गेले. ऑगस्ट २०१९ पासून तीही बंद आहे. म्हणजे वैशेषिकांच्या भाषेत, त्या वाटेवरही परत्व उत्पन्न झालं, नष्ट झालं आणि पुन्हा उत्पन्न झालं. रूळ मात्र तिथंच आहेत.

पुढच्या वेळी आपण कालिक परत्वाकडे, म्हणजे थोरलं-धाकटं कसं ठरतं याकडे वळू. तोवर एक गृहपाठ. तुमच्या गावापासून ८७५ किलोमीटरच्या वर्तुळात कुठली कुठली शहरं येतात ते नकाशावर काढून बघा, आणि त्यांतल्या कुठल्या शहराला जायला सर्वांत जास्त वेळ लागतो ते लिहून ठेवा. त्या शहराच्या आणि तुमच्या मधे काय आहे, ते पुढच्या वेळी मला सांगा.